प्रत्येक ‘कडक’ गोष्ट ‘हार्ड’ नसते

पत्र असं आहे:

‘मी खानापूर तालुक्यातला. गावच्या मराठी शाळेत शिकलो, मग आयटीआय केली आणि आता बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (लोखंड ओतून सुटे भाग करण्याच्या कारखान्यात) क्वालिटीचं काम बघतो. मागच्या महिन्यात नव्या गिऱ्हाइकाला मेलमध्ये लिहिलं, “अवर कास्टिंग्ज आर व्हेरी हार्ड.” माल दणकट आहे असं मला सांगायचं होतं. त्यांचा लगेच फोन, मग आम्ही मशीनिंग कसं करायचं? त्याच आठवड्यात नववीतल्या मुलीच्या निबंधात “अवर मॅथ्स टीचर इज व्हेरी हार्ड” या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ मारली. आणि घरी, बायकोच्या महिला संघानं कडक भाकरीच्या पाकिटांसाठी लेबल करायला घेतलंय. त्यावर “हार्ड रोटी” लिहायचं ठरलंय. डिक्शनरीत हार्डपुढे कठीण, कडक, टणक, अवघड असं सगळंच दिलंय. मग आमचं चुकतंय कुठं?’

नमस्कार. लेबल अजून छापून आलं नसेल, तर हे पुढचं वाचायच्या आधी प्रेसला फोन करून काम थांबवायला सांगा.

डिक्शनरीत लिहिलंय ते बरोबरच आहे. ‘हार्ड’चा अर्थ कठीण, कडक, टणक होतो. पण ती डिक्शनरी इंग्रजीकडून मराठीकडे येणाऱ्यासाठी आहे आणि तुम्ही त्याच वाटेनं उलटे निघालात. मराठीत ‘कडक’ हा एक शब्द चहाला चालतो, उन्हाला चालतो, इस्त्रीला, सरांना, भाकरीला, शिक्षेलाही चालतो. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द आहे, आणि यांतल्या एकाही ठिकाणी ‘हार्ड’ हा पहिला सुचावा असा शब्द नाही.

म्हणून इंग्रजी शब्द शोधायच्या आधी मराठीतच एक प्रश्न विचारा: ही वस्तू किंवा हा माणूस कशाला दाद देत नाही? बोटाच्या दाबाला? वाकवण्याला? हातोड्याला? दाताला? विनवणीला? की आपल्या डोक्याला? ते एकदा ठरलं, की शब्द फार शोधावा लागत नाही.

तुमच्या मेलपासून सुरुवात करू, कारण धातूच्या धंद्यात या प्रत्येक शब्दाची स्वतंत्र टेस्ट आहे आणि म्हणून फरक तिथं सगळ्यांत स्वच्छ दिसतो.

हार्ड म्हणजे दाबल्यावर ज्यात सहजी खळगा पडत नाही, ओरखडल्यावर चरा उठत नाही. ब्रिनेल मशीनवर तुम्ही हेच बघता: 10 मिलिमीटर व्यासाची गोळी, 3000 किलोचा भार, आणि मग पडलेल्या खळग्याचा व्यास. खळगा लहान, तर हार्डनेस जास्त. तो तुकडा ओढला तर कधी तुटेल, खाली पडला तर फुटेल का, हे त्या आकड्यात थेट लिहिलेलं नसतं.

भार सोसणारा तो स्ट्राँग. तुमच्या ड्रॉइंगवर एफजी 260 असतं (एफजी म्हणजे ग्रे आयर्न, करडं ओतीव लोखंड), त्यातला 260 हा आकडा हार्डनेसचा नव्हे, स्ट्रेंग्थचा आहे: टेस्टचा तुकडा ओढून तोडायला दर चौरस मिलिमीटरला किमान 260 न्यूटन लागले पाहिजेत. त्याच ग्रेडची हार्डनेस साधारण 180 ते 230 बीएचएनमध्ये, म्हणजे ब्रिनेलच्या आकड्यात, बसते. आकडे दोन, कारण गुण दोन. शिवाय स्ट्राँग म्हणताना कशात स्ट्राँग तेही सांगावं लागतं. ग्रे आयर्न ओढण्यापेक्षा दाबाला तिप्पट-चौपट सोसतं, म्हणून त्याचा मशीनबेड चालतो, पण साखळीची कडी त्यातून कोणी ओतत नाही.

टफ म्हणजे घाव बसला तरी जो फुटत नाही, आधी वाकतो, ताणला जातो, घाव पोटात घेतो. मराठीत याला नेमका शब्द चिवट. एसजी हा ओतीव लोखंडाचाच दुसरा प्रकार. त्याच्या एसजी 500/7 या ग्रेडमध्ये 500 ही स्ट्रेंग्थ आणि 7 म्हणजे तुटायच्या आधी तो किमान 7 टक्के लांबला पाहिजे. हा दुसरा आकडा चिवटपणाच्या बाजूचा आहे. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, आणि प्रत्येक पापुद्रा आतून पडलेल्या भेगेसारखा वागतो. एसजीमध्ये मॅग्नेशियम घातल्यामुळे तेच ग्राफाइट गोळ्यांच्या आकाराचं होतं आणि भेगेला पुढं सरकायला आयती वाट मिळत नाही. म्हणून एसजी टफ. ग्रे आयर्न मात्र ब्रिटल, म्हणजे ठिसूळ. हार्ड आणि ब्रिटल एकाच वस्तूत सुखानं नांदतात, हे लक्षात ठेवा. मोहस नावाच्या खनिजशास्त्रज्ञानं 1812 मध्ये दगडांची जी हार्डनेसची मोजपट्टी केली, तिच्यावर हिरा 10, सगळ्यांत वर. तोच हिरा घणाखाली ठेवला तर फुटतो. काचही तशीच. उलट ट्रॅक्टरचा टायर टफ आहे, हार्ड नाही.

गावचा लोहार हा फरक हातानं जाणतो. कोयता लालबुंद करून पाण्यात बुडवला की धार हार्ड होते, पण तशीच ठेवली तर उसाच्या बुडख्यावर पहिल्याच घावाला तुकडा उडतो. म्हणून तो पुन्हा हलका तापवतो आणि पात्यावर चढणारा रंग बघत बसतो: गवती पिवळा आला तर 230 अंशांच्या आसपास, निळा आला तर 300 च्या आसपास. हार्डनेस थोडी गेली, टफनेस आली. या दुसऱ्या तापवण्याला इंग्रजीत टेंपरिंग म्हणतात.

आणखी एक शब्द तुमच्या रिपोर्टमध्ये नक्की लागेल: स्टिफ. जो लवत नाही, तो स्टिफ. पार वाकतच नाही असं सांगायचं असेल तर रिजिड. इथं भलेभले चुकतात, त्यांना वाटतं शाफ्ट हार्डन केला की तो कमी लवेल. तसं होत नाही. त्याच मापाचा हार्डन केलेला आणि न केलेला स्टीलचा शाफ्ट तेवढ्याच वजनाला तेवढाच लवतो. फरक पडतो तो झिजेत, आणि लवून कायमचा वाकडा कधी होतो त्यात. कमी लवायला हवा असेल तर व्यास वाढवावा लागतो.

आता गिऱ्हाइकाचा फोन का आला ते बघा. मशीनशॉपमधल्या माणसाच्या कानाला ‘हार्ड कास्टिंग’ ही स्तुती नाही, तक्रार आहे. पातळ भाग किंवा कोपरा लवकर थंड झाला, सिलिकॉन कमी पडलं, इनॉक्युलेशन (ओतण्याआधी रसात ग्राफाइटला चालना देणारा मसाला मिसळणं) नीट झालं नाही, की कार्बनला ग्राफाइट व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशी जोडलेला कार्बाइड होऊन बसतो. तुकडा मोडून बघितला तर तो भाग करडा न दिसता पांढरा दिसतो. हाच तुमचा चिल. तिथली हार्डनेस 400 च्या पुढंही जाते, ड्रिल चरचरतं, कापणाऱ्या इन्सर्टची धार बसते आणि कास्टिंग परत येतं. तुम्ही ‘व्हेरी हार्ड’ लिहिलंत, त्यांनी चिल वाचला.

त्यांना नवा मेल करा. विशेषणाला आकड्याचा आधार द्या: ‘द कास्टिंग्ज कन्फॉर्म टू एफजी 260. टेन्साइल स्ट्रेंग्थ अँड हार्डनेस व्हॅल्यूज आर इन द अटॅच्ड सर्टिफिकेट. वी हॅव चेक्ड द थिन सेक्शन्स अँड फाउंड नो चिल.’ शेवटचं वाक्य पातळ भाग खरोखर तपासले असतील तरच लिहा. आणि कन्फॉर्म लिहा, कन्फर्म नव्हे. कन्फर्म म्हणजे पक्कं करणं, कन्फॉर्म टू म्हणजे ठरलेल्या नियमात बसणं. ही चूक सर्टिफिकेटांवर फार दिसते. कॅटलॉगमध्ये आकडे नको असतील आणि नुसतं दणकट म्हणायचं असेल तर स्टर्डी किंवा रोबस्ट. स्टर्डी स्टूल, स्टर्डी फ्रेम असं हाताशी असलेल्या वस्तूला जास्त शोभतं. रोबस्ट हे पंप, मशीन, डिझाइन अशांना, जिथं वाईट परिस्थितीतही काम अडत नाही असं सुचवायचं असतं. टिकाऊ म्हणजे ड्युरेबल. त्यात वर्षं मोजली जातात, जोर नव्हे.

आता भाकरी. कडक भाकरी बोटाच्या दाबाला मुळीच टिकत नाही. टिचकी मारली तरी मोडते. तिचा गुण कुरकुरीतपणाचा आहे. ‘हार्ड रोटी’ वाचून हुबळी किंवा बेंगळुरूच्या दुकानातलं गिऱ्हाईक शिळी, वाळलेली, दाताला त्रास देणारी रोटी समजेल, कारण ब्रेडला किंवा रोटीला इंग्रजीत हार्ड म्हटलं की मनात पहिला तोच अर्थ येतो. तुम्हाला हवा तो शब्द क्रिस्प.

क्रिस्प म्हणजे पातळ, कोरडं, पहिल्याच चाव्याला स्वच्छ मोडणारं: पापड, कडक भाकरी, बेळगावचे मांडे. क्रंची म्हणजे जाड, चावताना आवाज चालू राहणारं: चकली, शेंगदाणे, कोवळी काकडी. काकडीत पाणी असूनही ती क्रंची असते, त्यामुळे हा शब्द कोरडेपणाचा नाही, आवाजाचा आहे. क्रिस्पी हे क्रिस्पचंच बोलण्यातलं रूप. ते चालतं, पण छापायला क्रिस्प जास्त नेटकं दिसतं.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘कडक रोटी’ हे नाव तसंच ठेवा. आपल्याकडच्या मराठी आणि कन्नड दोन्ही गिऱ्हाइकांना ते कळतं आणि पदार्थाची ओळख त्यातच आहे. त्याखाली इंग्रजीत ‘क्रिस्प जोवार फ्लॅटब्रेड’. पाकीटबंद खाद्यपदार्थावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते; कन्नड-मराठी सोबत जोडता येते. तेव्हा पुढची इंग्रजी ओळही काळजीनं लिहा: ‘स्टोअर इन ॲन एअरटाइट कंटेनर. कीप ड्राय.’ आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार गरजेचं आहे. उघड्या डब्यातली कडक भाकरी हवेतला ओलावा ओढून घेते आणि मऊ न होता वातड होते. अशा वातड भाकरीला इंग्रजीत लेदरी म्हणतात. कोणी ‘युवर रोटी वॉज लेदरी’ अशी तक्रार केली, तर चूक भाजण्यात शोधायच्या आधी पाकिटाच्या सीलमध्ये शोधा.

संघानं पुढं इतर पदार्थ करायचं ठरवलं तर हे हाताशी असू दे. गोकाकचं करदंट हार्ड नाही, च्युई आहे. डिंक आणि गुळामुळे ते दातांना धरतं, चघळावं लागतं, आणि त्यातच त्याची गोडी आहे; च्युई ही तिथं तारीफ आहे. नीट न शिजलेलं मटण मात्र टफ, आणि ही तक्रार. निबर या आपल्या शब्दाला इंग्रजीत एकच जोडीदार नाही. निबर भेंडी टफ अँड स्ट्रिंगी, कारण तिच्यात धागे सुटतात. निबर मुळा वुडी, म्हणजे लाकडासारखा. आणि बाजाराच्या भाषेत दोघांनाही ओव्हरमॅच्युअर म्हणता येतं. आंबा बोटाला अजिबात दबत नसेल तर हार्ड, म्हणजे अजून पिकायचा आहे. किंचित दबतो पण मऊ पडलेला नाही, तर फर्म. पनीर, टोमॅटो, गादी यांना फर्म हा कौतुकाचा शब्द आहे. त्यात थोडी दाद अपेक्षितच असते, तेवढाच हार्ड आणि फर्ममधला फरक. अंडं पूर्ण उकडलेलं असेल तर हार्ड-बॉइल्ड, हे मात्र ठरलेलंच.

दह्याला फसू नका. घट्ट दही थिक असतं. हार्ड कर्ड म्हटलं तर लोकांना खरवसाची वडी आठवेल. इथं आपल्या भागात आणखी एक ओढ आहे, कन्नडमधल्या ‘गट्टी’ची. गट्टी मोसरू म्हणजे घट्ट दही, गट्टी माणूस म्हणजे खंबीर, आणि ‘गट्टियागी माताडू’ म्हणजे मोठ्यानं बोल. शाळेत कन्नड आणि इंग्रजी दोन्ही शिकणारी मुलं म्हणून ‘स्पीक हार्ड’ असं बोलून जातात. तिथं ‘स्पीक लाउडली’ किंवा नुसतं ‘स्पीक अप’. आपल्या मराठी ‘घट्ट’च्याही तीन वाटा होतात: नट घट्ट तो टाइट, दही घट्ट ते थिक, मैत्री घट्ट ती क्लोज.

‘कडक’च्या बाकीच्या जागा भराभर सांगतो. चहा स्ट्राँग. कांजी केलेली कॉलर स्टिफ, पण इस्त्रीचा शर्ट आणि कोरी करकरीत नोट क्रिस्प. पोलिसांचा बंदोबस्त टाइट. उपास स्ट्रिक्ट. सलाम स्मार्ट. थंडी बिटर, ऊन स्कॉर्चिंग किंवा हार्श. शिक्षेला सिव्हियर आणि हार्श दोन्ही लागतात, पण त्यांचा भाव एक नाही. सिव्हियर फक्त प्रमाण सांगतं, शिक्षा मोठी आहे. ती योग्यही असू शकते. हार्श म्हटलं की बोलणाऱ्याला ती गरजेपेक्षा जास्त वाटते आहे. म्हणूनच दुखणं, दुष्काळ, टंचाई यांना सिव्हियर लागतं, हार्श नाही: दुखणं न्याय-अन्याय बघत नाही. सक्तमजुरीला मात्र कायद्यातला शब्द ठरलेला आहे, रिगरस इम्प्रिझनमेंट, तिथं आपल्या मनानं हार्ड किंवा स्ट्रिक्ट घालू नये.

फाउंड्रीतल्या माणसाला पाण्याचाही प्रश्न येतोच, भट्टीच्या कूलिंगचा. बोअरच्या पाण्यानं पाइपात पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. ते पाणी हार्ड, कारण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. मराठी विज्ञानाच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात आणि तो शब्द फार नेमका आहे. आपण घरी त्याला ‘जड पाणी’ म्हणतो. त्याचं इंग्रजी ‘हेवी वॉटर’ असं करून रिपोर्टमध्ये लिहू नका. हेवी वॉटर ही वेगळीच गोष्ट आहे. ते कारवारकडच्या कैगा अणुवीज केंद्रातल्या रिॲक्टरमध्ये वापरतात. टेस्ट रिपोर्टवर ‘टोटल हार्डनेस’ मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येते. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाप्रमाणे 200 पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. इथल्या हार्डनेसचा तुमच्या ब्रिनेलशी काही संबंध नाही, म्हणून मेलमध्ये ‘वॉटर हार्डनेस’ असं पूर्ण लिहा.

आता लेकीचा निबंध. तिच्या सरांना ती कडक म्हणते, म्हणजे ते नियमाच्या बाबतीत विनवणीला दाद देत नाहीत. त्याला शब्द स्ट्रिक्ट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आवळलेला, ताणून बांधलेला. दोरी ढिली न सोडणारा माणूस डोळ्यांसमोर आणला की शब्द लक्षात राहतो. गृहपाठाबाबत कडक असतील तर ‘स्ट्रिक्ट अबाउट होमवर्क’, मुलांशी कडक तर ‘स्ट्रिक्ट विथ द स्टुडंट्स’. अबाउट गोष्टीला, विथ माणसांना.

‘हार्ड टीचर’ वाचल्यावर इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात दगडाच्या काळजाचा माणूस येतो, कारण माणसाला सरळ हार्ड म्हटलं की त्याला मायाच नाही असा अर्थ होतो. बाईंनी रेघ मारली ती यासाठी. सरांच्या चेहऱ्यावर हसू नसतं, आवाज जरबेचा आहे, एवढंच सांगायचं असेल तर स्टर्न. स्टर्न माणूस आतून प्रेमळ असू शकतो. उगाच टाकून बोलतात, दुखावतात, तर हार्श. निर्णयावर ठाम पण शांत, तर फर्म, आणि ‘फर्म बट काइंड’ ही जोडी शिक्षकांना फार शोभते. आपला कणखर हा शब्द फर्म आणि टफ यांच्या मधोमध बसतो: संकटात न डगमगणाऱ्या आजीला टफ म्हणता येतं आणि तो सन्मान आहे. निर्दय, दुसऱ्याच्या दुःखानं न हलणारा तो कॅलस. हाताला पडणाऱ्या घट्ट्यालाही इंग्रजीत उच्चाराला हाच शब्द आहे, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. घासून घासून मनाला घट्टा पडलेला माणूस, असं तिला समजावून सांगा.

‘हार्ड’ ठेवायचाच असेल तर वाक्य असं फिरवता येतं: ‘ही इज हार्ड ऑन अस’, म्हणजे ते आमच्याशी जरा जास्तच कडक वागतात. यात तक्रार आहे. निबंध कौतुकाचा असेल तर हे वाक्य घेऊ नये. माझी पसंती ‘अवर मॅथ्स टीचर इज स्ट्रिक्ट, बट ही एक्सप्लेन्स एव्हरीथिंग पेशंटली’ या वाक्याला आहे.

ती नववीत आहे, म्हणजे ‘कठीण’ आणि ‘अवघड’शीही तिची गाठ पडणारच. पेपर हार्ड आणि पेपर डिफिकल्ट यांत अर्थाचा फरक फार थोडा. हार्ड बोलण्यातला, डिफिकल्ट लिहिण्यातला, टफ मित्रांमधला. फरक माणसाला लावल्यावर दिसतो. डिफिकल्ट कस्टमर म्हणजे ज्याला राजी करता करता जीव मेटाकुटीला येतो तो, आपल्या भाषेत खट गिऱ्हाईक. तो निर्दय असेलच असं नाही. गुंतागुंतीचं असेल तर कॉम्प्लिकेटेड. इंटरव्ह्यूमध्ये ‘आधीचं काम कठीण होतं’ म्हणायचं तर चॅलेंजिंग किंवा डिमांडिंग, कारण त्यात तक्रारीचा सूर येत नाही. खडतर वाट, दीर्घ कष्ट यांना आर्ड्युअस. त्या लॅटिन शब्दाचा अर्थच उंच, चढाचा. चोर्ल्याचा घाट पायी चढण्याला तो चपखल बसतो, गणिताच्या पेपराला नाही. तुलना करताना हार्डर, हार्डेस्ट; पण मोअर डिफिकल्ट, मोस्ट डिफिकल्ट. ‘मोअर हार्ड’ कुठंच नाही.

मराठीची वाक्यरचना इथं मोठा घोटाळा करते. ‘मला गणित कठीण जातं’ याचं ‘आय ॲम डिफिकल्ट इन मॅथ्स’ होत नाही. त्याचा अर्थ गणिताच्या तासाला मी त्रास देतो असा निघेल. इंग्रजीत कठीण असतं ते गणित: ‘आय फाइंड मॅथ्स हार्ड.’ समजायला कठीण ते ‘हार्ड टू अंडरस्टँड’, ‘हार्ड फॉर अंडरस्टँडिंग’ नव्हे. पाहुण्यांसमोर अवघड वाटतं, तर ‘आय फील ऑकवर्ड’. तिथं डिफिकल्टचा संबंध नाही. आणि बराच वेळ मांडी घालून पाय अवघडला, तर तो पाय स्टिफ. तुमच्या शाफ्टचाच शब्द.

एक शेवटची गोष्ट तुमच्यासाठी, कारण वर्षाअखेरीला अप्रेझलचा फॉर्म भरावा लागतो. हार्ड हा शब्द क्रियापदापुढेही असाच राहतो, त्याला ‘ली’ लागत नाही. ‘आय वर्क हार्डली’ असं लिहिलं तर इंग्रजीत ते चुकीचं तर दिसतंच, शिवाय वाचणाऱ्याला ‘आय हार्डली वर्क’ची आठवण होते, आणि त्याचा अर्थ मी जेमतेमच काम करतो. फॉर्मवर लिहा: ‘आय वर्क हार्ड अँड आय चेक एव्हरी लॉट बिफोर डिस्पॅच.’